उन्हात जड होणारा गोटा

नवं शतक नुकतंच लागलं होतं. सिंदेवाहीत माझं टीव्ही, रेडिओ आणि जे जे बिघडेल ते दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि अख्ख्या तालुक्यात मायक्रोकंट्रोलर हाताळणारा मी एकटाच आहे, असा माझा समज होता. समज खराच असावा, कारण दुसरा कुणी असता तर माझं त्याच्याशी भांडण झाल्याशिवाय राहिलं नसतं. चाळीस पायांची ती काळी चिप मी चिमट्यात धरून गिऱ्हाइकांना गोम दाखवावी तशी दाखवायचो. म्हणायचो, "हिले एकदा शिकवलं का जन्मभर तसंच करते." यावर एका गिऱ्हाइकानं शांतपणे विचारलं होतं, "मंग माह्या पोराले इथीच आणून देऊ काय जी?"

त्याआधी मी माजरीकडे होतो. कोळशाचे ट्रक ज्या काट्यांवर तोलतात, त्यांची देखभाल करणाऱ्या एका ठेकेदाराकडे. लोडसेल मी तिथे पहिल्यांदा पाहिला आणि त्याच्या प्रेमातच पडलो. पोलादाचा एक ठोकळा, त्याच्या अंगाला चिकटवलेली केसापेक्षा बारीक तार. वर वजन आलं की पोलाद डोळ्याला दिसणार नाही इतकं वाकतं, तार तेवढीच ताणली जाते आणि तिच्यातून जाणारी वीज किंचित बदलते. बस, एवढंच! वर कोळशानं भरलेला ट्रक आणि खाली त्या तारेचा एक सुस्कारा. तो सुस्कारा ऐकू येण्याइतका मोठा करायचा आणि चिपला सांगायचा, म्हणजे ती लाल आकड्यांत वजन बोलून दाखवते. मला तर हे नाटकच वाटायचं. पडद्यामागून कुणीतरी कुजबुजतंय आणि रंगमंचावरचा नट तेच खड्या आवाजात म्हणतोय.

माझ्या बायकोचं माहेर तलावावरच्या गावात. मोटरसायकलनं निघालं की तासाच्या आत पोचता येतं. गाव मासोळीवर आणि धानावर जगतं. तिची एक मावशी त्याच गावात राहायची. तिला मूलबाळ नव्हतं, शेत नव्हतं, नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती. पण थंडीत तलावात जाळं पडलं आणि ती पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर आली, की माणसं सरकून तिला जागा करून द्यायची. कारण हिस्से ती मांडायची.

हे हिस्से म्हणजे काय ते सांगतो. विकायची मासोळी वेगळी काढली की उरलेली घराघरात वाटली जायची. पाळीवर ओळीनं पळसाची पानं अंथरायची आणि मावशीनं उकिडवं बसून त्यांवर ढीग घालत जायचं. एक रोहू इकडे, तिच्या बदल्यात दोन लहान कतला तिकडे, कुठे अर्धी मरळ, वर मूठभर झिंगे. तिचा हात जात्याच्या खुंट्यासारखा फिरायचा, मध्ये कुठे अडायचा नाही. ढीग काही तंतोतंत सारखे नसायचे आणि तसा कुणाचा दावाही नव्हता. खरी खुबी पुढेच होती. ढीग झाले की सगळ्यांनी आपापल्या पसंतीचं पान उचलायचं आणि सगळ्यांत शेवटी जे उरेल ते मांडणारीचं. म्हणजे लहानमोठं झालंच तर फटका तिलाच. तिच्या आधी तिची सासू मांडायची, तिच्याही वाट्याला शेवटचं पान यायचं. गावात मावशीची म्हणून जी काही इस्टेट होती, ती एवढीच.

आता मी या गोष्टीत कसा शिरलो? आमंत्रण होतं म्हणून. व्यापाऱ्याच्या काट्यावर गावची रोहू नेहमीच आजारातून उठल्यासारखी हलकी भरायची. म्हणून गावच्या मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरीनं मला गाठलं. "जवाई, आमचा आपला काटा बनवून द्या ना. लाल आकड्याचा. पन स्वस्तात."

स्वस्तात! या एका शब्दानं माझ्या दुकानात सेन्सरांचं स्वयंवर मांडलं गेलं.

पहिलं स्थळ नागपूरचं. ॲल्युमिनियमचा देखणा, चकचकीत लोडसेल. दुकानदारानं तो काचेच्या कपाटातून काढून माझ्या तळहातावर ठेवला, भाव सांगितला, माझा चेहरा पाहिला आणि पुन्हा कपाटात ठेवला. स्थळ उत्तम होतं, मागणी झेपणारी नव्हती.

दुसरं स्थळ माझ्या डोक्यातलं. एक स्प्रिंग घ्यायची आणि तिला जुन्या रेडिओचं आवाज कमीजास्त करायचं बटण जोडायचं. वजनानं स्प्रिंग ताणली की बटण फिरेल आणि चिपला कळेल. फुकटातलं काम. पण वजन काढल्यावर ते बटण जत्रेतून परतणाऱ्या माणसासारखं दर वेळी निराळ्या ठिकाणी येऊन थांबायचं.

तिसरं स्थळ चालत दारी आलं. सिंदेवाहीतल्याच एका डॉक्टरांचा, माणसं उभी राहतात तो काचेचा वजनकाटा मोडला. काच कुणाच्या वजनानं फुटली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चार कोपऱ्यांत काडेपेटीएवढे चार सेन्सर, चारही जिवंत. मी डॉक्टरांना म्हटलं, "हा कचरा मी नेऊ का?" ते म्हणाले, "न्या." त्या क्षणी मी वर्षाकाठी एकदाच जमतं तसं निरागस तोंड केलं होतं.

महागातल्या आणि स्वस्तातल्या सेन्सरमध्ये फरक काय, हे मला ठाऊक होतं. धातू उन्हानं फुगतो. चांगल्या लोडसेलमध्ये त्यावरचा इलाज आतच केलेला असतो, तो ऊन-थंडी आपली आपण सोसतो. स्वस्तातला सेन्सर मात्र गरम झाला की वर काही नसतानाही ताणल्यासारखा करतो आणि चिप बिचारी त्यालाच वजन समजते. माजरीला आम्ही प्रत्येक ट्रक उतरला की रिकामा काटा शून्य दाखवतो ना, ते पाहायचो. त्याशिवाय दुसरा ट्रक वर घ्यायचाच नाही. इतकं सगळं शिकून आलेला मी! पण दुकानात पंख्याखाली, वाण्याची वजनं ठेवून पाहिलं तर काटा सरळ चालला. मी खूश. चार सेन्सर एका पेटीवर बसवले, वर ॲल्युमिनियमची परात, बाजूला लाल आकडे आणि शून्य करायचं एक बटण. बायको म्हणाली, "लग्नात माह्याकडे असं पाह्यलं नोतं कधी."

जाळं पडणार होतं त्या सकाळी पाळीवर धुकं होतं. बोटं आखडत होती. पेटीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, मी शून्याचं बटण दाबलं आणि लाल आकडे पेटले तेव्हा जमलेल्या माणसांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मला अजून ऐकू येतो. सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष पुढे झाले. "आज पह्यला दिवस हाय जी. परात रिकामी ठेवू नोका. भरल्या परातीवरच भरली ठेवा." म्हणजे एक वजन उचलण्याआधी दुसरं टेकवायचं. शुभ कामाला नाही कोण म्हणणार? मी तर कौतुकानं मान डोलावली.

व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा होता. विकायची मासोळी टोपल्यांत पडून होती आणि मावशीचे हिस्से मांडून झाले होते. पानंही उचलून झाली होती, ज्यानं त्यानं आपलं पान हातात धरलं होतं. एवढी माणसं, एवढे डोळे, आणि मी हात बांधून उभा! मला राहवेना. मी म्हणालो, "चला, टेम्पो येईपर्यंत तुमचे हिस्से मोजून पाहू."

मावशी सगळ्यांत आधी हसली. "मोजा जी जवाई. आमची मासोळी टीवीत तरी दिसन."

पहिलं पान दोन किलोच्या जरासं वर भरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढचं पान, त्याच्या पुढचं. एक उचलतोय, दुसरा टेकवतोय, परात क्षणभरही रिकामी नाही. मध्येच धुकं विरलं आणि ऊन पाळीवर आलं, नेमकं माझ्या परातीवर. आकडे हळूहळू चढत होते, पण पान वेगळं तर आकडा वेगळा असणारच. माझं लक्ष आकड्यांपेक्षा माणसांच्या तोंडांकडे होतं. रिवाजाप्रमाणे मावशीचं पान सगळ्यांत शेवटी आलं. ते अडीच किलोच्या घरात गेलं.

सगळे आकड्यांवर वाकले. मग मावशीचा एक चुलत दीर, ज्याची जीभ गावात प्रसिद्ध होती, तो खाकरला. "बाई, शेवटचा हिस्सा तर मोठा वजनदार निंगते गा."

मागून कुणीतरी म्हणालं, "दरसाल असाच निंगत असन. आपन मोजला कवा?"

हशा पिकला. यातल्या प्रत्येकानं आपलं पान आधी निवडून घेतलं होतं. मावशीचा ढीग खरंच मोठा असता, तर या दिरानंच तो सोडला असता काय? पण लाल आकड्यांसमोर हे कुणाला सुचलं नाही. मला सुचलं. मी बोललो नाही, कारण माझ्या काट्याचा पहिलाच प्रयोग रंगात आला होता.

मावशीनं आकड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जवाई, बराबर दाखवून राह्यलं काय जी हे?"

मी म्हणालो, "यंत्र आहे मावशी. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

हे वाक्य मी छाती काढून म्हणालो. सांगताना आजही मला ती छाती आठवते आणि मान खाली जाते.

मावशीनं पान उचललं, ते विक्रीच्या टोपल्यात रिकामं केलं, पान घडी करून कमरेला खोचलं आणि पाळीवरून खाली उतरून गेली. सगळे तिच्या पाठीकडे पाहत होते. मोजणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच परात रिकामी झाली होती. मी सहज खाली पाहिलं. परातीवर काही नव्हतं आणि लाल आकडे तीनशे ग्रॅमच्या वर दाखवत होते.

माझ्या अंगठ्यानं शून्याचं बटण दाबलं. मी दाबलं असं म्हणायला हवं, पण अंगठा माझ्याही आधी गेला. आकडे शून्यावर आले, टेम्पो आला, टोपली चढली, माझी वाहवा झाली.

परतताना बायको मोटरसायकलवर मागे बसली होती. धानाची कापणी झालेली शेतं दोन्ही बाजूंनी मागे पडत होती. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "बटन काऊन दाबलं तुमी?"

"कोणतं बटण?"

"तुमच्या काट्याले लय बटनं हायेत काय?"

मी वेग वाढवला. ती म्हणाली, "पळवा. माह्या मावशीची गोष्ट मागं राहून जाईन असं वाटते का तुमाले?"

तपासायच्या नावाखाली सोबत आणलेला काटा मी घरी येऊन अंगणात मांडला. वर एक गोटा ठेवला, बायको ज्यावर चटणी वाटायची तो. सावलीत तो जेवढा होता तेवढाच होता. ऊन आलं आणि गोट्याचं वजन वाढायला लागलं. मी शेजारी बसून पाहत होतो. बायको धुणं वाळत घालता घालता थांबली. "किती झाला?"

"तीनशे ग्रॅमनं वाढला."

"बाळसं धरलं म्हना." आणि तिनं ओली चादर माझ्या डोक्यावरून दोरीवर टाकली.

मी ठरवलं की जाऊन सांगायचं. मग ठरवलं की आधी काटा दुरुस्त करू, मग सांगू. मग दुकानात काम निघालं. काम निघत नव्हतं तेव्हा मी ते काढत होतो. बायको मात्र माहेरी जाऊन आली आणि दारातूनच बोलू लागली. पुढचं जाळं पडलं तेव्हा मावशी पाळीवर आलीच नाही. हिस्से त्या चुलत दिरानं मांडले आणि भांडणं झाली. मावशी आता विहिरीवर बायका उठून गेल्या की जाते. गावात बोललं जातं, बाई साऱ्या जन्मभर शेवटचं पान काऊन घेत होती ते आता समजलं.

शेवटचं हे वाक्य बायकोनं दोनदा म्हटलं. रात्री जेवताना माझ्या पानात मासोळी नव्हती. त्यानंतर बरेच दिवस नव्हती.

त्याच्या पुढच्या जाळ्याला मी पहाटे निघालो. मोटरसायकलला काटा बांधलेला, मागे बायको, तिच्या मांडीवर गोटा. पाळीवर पोचलो तेव्हा धुकं होतं. मी परात मांडली, शून्य केलं, गोटा ठेवला आणि सगळ्यांना आकडा वाचायला लावला. "लक्षात ठेवा जी. मी याले हात लावणार नाई. तुमी बी लावू नोका."

ऊन येईपर्यंत मी लोकांना हसवलं. ते मला जमतं. आणि ऊन आलं. गोटा वाढायला लागला. आधी एकानं ओरडून दाखवलं, मग सगळे परातीभोवती गोळा झाले. "वाढून राह्यला गा!" "काय चारलं जी जवाई गोट्याले?" चुलत दीर तर गुडघ्यांवर बसला आणि गोट्याच्या खाली काही लपवलंय का ते पाहू लागला. "माह्या बैलाले असा घालाव म्हनतो उन्हात." हसून हसून म्हाताऱ्या अध्यक्षांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मी परातीखालचे चार सेन्सर काढून दाखवले. हे मोडक्या काट्यातले, स्वस्तातले, ऊन लागलं की उगाच ताणतात, मावशीचं पान शेवटी आलं म्हणून भर उन्हात आलं, ते जड नव्हतं, माझा काटा तापला होता. सगळ्यांना कळलं. दीर म्हणाला, "म्हंजे बाईचं काई नोतं त्याच्यात." लोक माना डोलावू लागले. प्रयोग उत्तम झाला होता. इथे पडदा पाडायला हरकत नव्हती. मी पेटी बंदही करू लागलो होतो. पण बायको मोहाच्या झाडाखाली उभी होती आणि एकटी तीच हसत नव्हती.

मी म्हणालो, "अजून एक हाय. त्या दिवशी परात रिकामी झाली तवा मी पाह्यलं होतं. रिकाम्या परातीवर वजन दिसत होतं. मी पाह्यलं आन बटन दाबून टाकलं."

हशा कुठल्या कुठे गेला. अध्यक्षांनी डोळे पुसले. "तवाच काऊन नाई बोलले जी?"

"लाज वाटली जी."

"आन बाईले नसन वाटली?"

मी गोटा उचलून बायकोकडे दिला आणि मावशीच्या घराकडे निघालो. माझ्यासोबत कुणी आलं नाही, बायकोही नाही.

मावशी अंगणात झिंगे वाळत घालत होती. बातमी माझ्या आधी पोचली होती. ती मान वर न करता म्हणाली, "गोटा उन्हात वाढते म्हने?"

"गोटा नाही मावशी. यंत्रच खोटं होतं."

"यंत्राचं मले काई नाई जी." तिनं झिंग्यांवरून हात फिरवून ते सारखे केले. "मी यंत्राले थोडीच विचारलं होतं. तुमाले विचारलं होतं."

मग ती उठली, चूल फुंकली आणि मला चहा दिला. जावयाला द्यायचा तसा, बशीसकट. तो चहा मी कसा प्यायलो ते माझं मला ठाऊक.

नंतर मी नागपूरला गेलो आणि काचेच्या कपाटातला तो देखणा लोडसेल घेऊन आलो. भाव तोच होता, दुकानदाराचं हसूही तेच होतं. गावच्या काट्यात तो बसवला. विक्रीची मासोळी त्यावर तोलतात, दर टोपल्याआधी रिकामी परात शून्य दाखवते की नाही ते सगळे मिळून पाहतात, आणि अध्यक्षांनी स्वतःच सांगून टाकलं आहे की रिकामी परात आता अशुभ नाही. हिस्से मात्र त्यावर कुणी ठेवत नाही.

अध्यक्ष स्वतः बोलवायला गेले, तेव्हा मावशी पाळीवर परत आली. माणसं सरकली, जागा झाली. पानं अंथरली गेली, ती उकिडवी बसली. मीही होतो तिथे, जरा मागे उभा. तिनं एक रोहू उचलली, एका पानावर ठेवली. पुन्हा उचलली. दुसऱ्या पानावर नेली, तिथेही टेकवली नाही. हात तसाच अधांतरी राहिला. कधी न अडणारा तो हात पहिल्यांदाच असा थांबलेला मी पाहिला.

"मांड ना बाई," कुणीतरी हळूच म्हणालं.

मावशीनं मान वळवून गर्दीत मला शोधलं. "यंत्राले विचारू काय जी, जवाई?"

सगळी पाळ हसली. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं.

त्यानंतर दरसाल थंडीत, पानं अंथरली की एखाद्या मासोळीपाशी तिचा हात असा थांबतो, ती हाच प्रश्न विचारते आणि लोक हसतात. आता ती गावची गंमतच झाली आहे. मी गेलो नाही तर विचारतात, जवाई काऊन नाई आले? म्हणून मी जातो. मागे उभा राहतो, आणि तिनं मान वळवली की तिला दिसेन असा थोडा पुढे होतो.